बीव्हरचे घर: एकसहचारी कृंतकांचे कुटुंबजीवन आणि प्रजनन

मॉन्ट्रियल शहराच्या मानचिन्हाच्या माथ्यावर एक बीव्हर बसलेला आहे. १८३३ मध्ये शहराचे पहिले महापौर जाक व्हिजे यांनी हे चिन्ह तयार केले, तेव्हा ढालीवरील चार चिन्हांपैकी एक बीव्हर होता. १९३८ मध्ये त्याच्या जागी लिलीचे फूल आले आणि बीव्हर माथ्यावर गेला. हा मान त्याला सहज मिळालेला नाही. सतराव्या शतकापासून युरोपातल्या फेल्ट टोप्यांसाठी बीव्हरची आतली दाट लव लागत असे आणि त्या व्यापाराचे मोठे केंद्र हे शहर होते. नॉर्थ वेस्ट कंपनी येथूनच चाले. मॅकगिल विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते जेम्स मॅकगिलही फरचेच व्यापारी. लाशीन येथे १८०३ साली बांधलेले दगडी कोठार आजही उभे आहे. त्या कोठारातून हजारो कातडी गेली. पण हा प्राणी घरात कसा राहतो, जोडीदाराशी कसा वागतो आणि एका घरातील जोडी मारली की पुढे काय होते, हे प्रश्न त्या व्यापाराच्या जमाखर्चात कोठे नव्हते.

बीव्हर हा कृंतक, म्हणजे आयुष्यभर वाढत राहणाऱ्या दातांनी कुरतडणारा प्राणी. उंदीर, खार आणि साळिंदर यांच्याच गणातला. या गणातल्या बहुतेक जातींत नर-मादीचा संबंध समागमापुरता असतो आणि पिल्लांचा सगळा भार आईवर पडतो. मोजक्या जाती मात्र जोडीने राहतात. बीव्हर त्यांतला सर्वांत मोठा आणि कॅनडात सर्वांच्या ओळखीचा. म्हणून या विषयाला त्याच्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

बीव्हरचे कुटुंब म्हणजे एक प्रौढ नर, एक प्रौढ मादी, यंदाची पिल्ले आणि गेल्या वर्षीची पिल्ले. एका घरात साधारणतः चार ते आठ जण असतात. त्यांत वीण फक्त एकाच मादीची होते. जोडीचा समागम जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, बहुधा पाण्यात होतो. त्या दिवसांत येथील तळी गोठलेली असतात. फांद्या आणि चिखल यांनी बांधलेल्या घराची दारे पाण्याखाली उघडतात आणि शरद ऋतूत तळाशी रोवून ठेवलेल्या ओल्या फांद्यांवर सारे कुटुंब बर्फाखाली गुजराण करते. सुमारे साडेतीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर मे-जूनमध्ये तीन-चार पिल्ले जन्मतात. जन्मतःच त्यांचे डोळे उघडे आणि अंगावर लव असते. पोहता त्यांना लवकर येते. पण अंग इतके हलके असते की बुडी मारून दारातून बाहेर पडणे त्यांना जमत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे ती घरातच राहतात.

त्या अंधाऱ्या खोलीत काय चालते, हे पाहण्याचे काम क्वेबेकमध्येच झाले. लाव्हाल विद्यापीठाचे जाक बोव्हे आणि फ्रांस्वाज पातनोद यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी वन्य बीव्हर कुटुंबाचे घरातील वर्तन नोंदवले. प्रसूती, पिल्लांची निगा, एकमेकांच्या अंगावरची लव विंचरणे या सर्वांवर त्यांचे निबंध आहेत. पिल्लांच्या संगोपनात आईबरोबर बापाचा आणि वर्षभराच्या मोठ्या भावंडांचाही वाटा असतो, हे त्यांतून समोर आले. पानांच्या फांद्या घरात आणणे, पाण्याकडे निसटलेल्या पिल्लाला परत आणणे, त्याच्याजवळ बसून राहणे ही कामे सगळे करतात. दूध मात्र आईच पाजते. पिल्ले साधारणपणे दोन वर्षांची झाली की नव्या विणीच्या सुमारास घर सोडतात आणि आपले पाणी व आपला जोडीदार शोधू लागतात. कृंतकांच्या मानाने हे बालपण फार लांब आहे. घरातला उंदीर तेवढ्या काळात खापरपणजोबा होतो.

नर आणि मादी बाहेरून सारखेच दिसतात. तज्ज्ञालाही लिंग ओळखण्यासाठी गुदग्रंथींचा स्राव पाहावा व हुंगावा लागतो. उत्तर अमेरिकी बीव्हरमध्ये नराचा स्राव तपकिरी, दाट आणि मोटारीच्या तेलासारख्या वासाचा असतो. मादीचा फिकट, पातळ आणि मुरलेल्या चीजसारखा. हा वास हीच त्यांची ओळखपत्रे. प्रत्येक कुटुंब हद्दीवर चिखलाचे लहान ढीग रचून त्यांवर आपला गंध ठेवते. न्यूयॉर्क राज्यात लिशिंग सन आणि डीटलँड म्युलर-श्वार्झ यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की पूर्वी कधी न भेटलेल्या सख्ख्या भावंडाचा वासही बीव्हर परक्याच्या वासापासून वेगळा ओळखतो. परका हद्दीत शिरला तर नर आणि मादी दोघेही त्याला हुसकावतात.

येथवरची कथा आदर्श गृहस्थाश्रमाची वाटते. वाचकाने येथे थोडे थांबावे, कारण 'एकनिष्ठा' हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: एका घरात राहून पिल्ले वाढवणे, समागम एकाच जोडीदाराशी करणे, आणि त्या विशिष्ट जोडीदाराची ओढ असणे. माणसाच्या आदर्शात या तिन्ही एकत्र येतात, निसर्गात त्या एकत्र येतातच असे नाही. म्हणून या लेखात 'एकसहचारी' हा शब्द फक्त पहिल्या अर्थाने वापरला आहे. इलिनॉय राज्यातील बीव्हरांच्या जनुकीय तपासणीचा अहवाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या विणींपैकी निम्म्याहून अधिक विणींत पिल्लांचे बाप एकाहून अधिक होते. त्याच्याच युरोपीय भावंडाची तपासणी चेक प्रजासत्ताक आणि नॉर्वे येथे झाली, तेव्हा उलट चित्र दिसले: बहुतांश पिल्ले घरातल्याच नराची. दोन्ही जाती घर सारखेच मांडतात, पितृत्वाचा हिशेब मात्र वेगळा निघतो. इलिनॉयमध्ये वस्ती दाट होती, हे त्याचे एक कारण असू शकते.

'आयुष्यभराची साथ' हे वर्णनही काळजीपूर्वक वापरायला हवे. नॉर्वेच्या नद्यांवर वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासात जोडीदार बदलण्याच्या घटना नोंदल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच घटनांत कोणी कोणाला सोडले नव्हते. बाहेरून आलेल्या दुसऱ्या बीव्हरने घरातल्याला हुसकावून जागा घेतली होती. याला घटस्फोट म्हणावे की अतिक्रमण, हे वाचकांवर सोडतो.

ओढ हा तिसरा अर्थ मात्र बीव्हरमध्ये तपासता येत नाही. वीस किलोच्या जलचर प्राण्याला प्रयोगशाळेत ठेवून मेंदूचा अभ्यास करणे कठीण. ते काम दुसऱ्याच एका कृंतकावर झाले: मुठीत मावेल अशा, आखूड शेपटीच्या, गवतात राहणाऱ्या प्रेअरी व्होलवर. हा व्होल अमेरिकेच्या मध्य भागात आणि कॅनडाच्या ॲल्बर्टा, सस्कॅचवान व मॅनिटोबा या प्रांतांत आढळतो. १९७०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातले लोवेल गेट्झ शेतात सापळे लावून व्होलांची संख्या मोजत होते. त्यांच्या लक्षात आले, की प्रेअरी व्होल अनेकदा जोडीने सापडतात आणि पुन्हापुन्हा तीच जोडी सापडते. एक मेला तर उरलेला बहुधा दुसरा जोडीदार घेत नाही. त्यांनी ही गोष्ट सहकारी स्यू कार्टर यांच्या कानावर घातली आणि शेतातले निरीक्षण प्रयोगशाळेत आले.

प्रेअरी व्होलचे प्रजनन मुळातच नराच्या संगतीवर अवलंबून आहे. मादीला आपोआप माज येत नाही. ती आई-बाप आणि भावंडांत राहते तोवर तिचे प्रजनन सुप्त असते. अनोळखी नराच्या लघवीचा गंध नाकात गेला की साधारण एक-दोन दिवसांत ती समागमास तयार होते. त्यानंतर ही जोडी तासन्तास वारंवार समागम करते आणि त्याच काळात दोघांचे बंधन जुळते. सुमारे २१ दिवसांनी पिल्ले होतात. नर घरटे बांधतो, पिल्लांना चाटतो, त्यांच्या अंगावर बसून ऊब देतो, निसटलेल्याला आत ओढून आणतो. दूध पाजणे सोडून सारे काही. मोठी झालेली काही पिल्ले घर न सोडता पुढच्या विणीला सांभाळतात.

ओढ मोजायची कशी? त्यासाठी तीन खोल्यांची पेटी बनवण्यात आली. एका टोकाच्या खोलीत ओळखीचा जोडीदार बांधलेला, दुसऱ्या टोकाला परका, मधली खोली रिकामी. तीन तास मोकळ्या सोडलेल्या व्होलने कोणाच्या अंगाला अंग लावून किती वेळ काढला, एवढेच मोजायचे. प्रेअरी व्होल आपल्या जोडीदाराजवळ जाऊन बसतो. मेडो व्होल या त्याच्या जवळच्या नातलगाला असा फरक फारसा पडत नाही.

हा मेडो व्होल आपल्या परिचयाचा असायला हवा. क्वेबेकमध्ये तो सर्वत्र आहे. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की हिरवळीवर नागमोडी बोगद्यांच्या खुणा दिसतात, त्या बहुधा त्याच्याच. उन्हाळ्यात नर अनेक माद्यांच्या हद्दींतून फिरतो आणि पिल्ले आई एकटी वाढवते. हिवाळ्यात मात्र हेच प्राणी बर्फाखाली घोळक्याने एकत्र झोपतात. म्हणजे सहवास आहे, जोडी नाही. मॉन्ट्रियलच्या पहिल्या हिवाळ्यात ज्यांनी एका खोलीत चौघांनी दिवस काढले, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

या दोन व्होलांच्या मेंदूत फरक काय, याचा शोध १९९०च्या दशकात टॉमस इन्सेल, कार्टर आणि नंतर लॅरी यंग यांच्या गटांनी घेतला. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके दोघांतही असतात. ती झेलणारे ग्राही मेंदूत कोठे किती आहेत, यात भेद निघाला. ऑक्सिटोसिन हे प्रसूतीच्या कळा आणि दूध उतरणे यांसाठी पूर्वीपासून ठाऊक असलेले संप्रेरक. प्रेअरी व्होलमध्ये त्याचे ग्राही मेंदूतल्या बक्षिसाची जाणीव देणाऱ्या भागात अधिक आढळले. मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले तर समागमाशिवायही नराची ओढ जुळे. नराच्या बाबतीत व्हॅसोप्रेसिनचे महत्त्व १९९३ मध्ये 'नेचर'मधील निबंधाने दाखवले. त्याचे कार्य अडवले तर नर जोडीदाराला निवडत नसे आणि परक्यांवर धावूनही जात नसे. २००४ मध्ये यंग यांच्या गटाने व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहीचे जनुक मेडो व्होलच्या नराच्या मेंदूत नेमक्या जागी पोचवले आणि त्या भटक्या नराला जोडीदाराची आवड निर्माण झाली.

एवढे झाल्यावर वृत्तपत्रांना आवरणार कोण? 'प्रेमाचे संप्रेरक', 'निष्ठेचे जनुक' अशा मथळ्यांचा पूर आला. त्यात आम्हा पत्रकारांचा दोष मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रेअरी व्होलच्या पिल्लांपैकी काही घरातल्या नराची नसतात आणि काही नर जोडी न बांधता भटकेच राहतात, हे मैदानी अभ्यासकांनी दाखवूनही मथळ्यांवर परिणाम झाला नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात सॅन फ्रान्सिस्कोचे देवानंद मनोली, स्टॅनफर्डचे नीराव शहा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्यांनी जनुक-संपादनाने ऑक्सिटोसिनचा ग्राहीच नसलेले प्रेअरी व्होल जन्माला घातले होते. अपेक्षा अशी, की हे प्राणी जोडी बांधणार नाहीत. त्यांनी जोडी बांधली. परक्यांना हाकलले, पिल्लांना जन्म दिला, दूधही पाजले. दुधाचे प्रमाण कमी पडले आणि दूध तुटेपर्यंत तगलेली पिल्ले कमी निघाली, एवढा फरक दिसला. याचा अर्थ आधीचे प्रयोग खोटे होते असा होत नाही. प्रौढपणी एकाएकी ग्राही अडवणे आणि जन्मापासून तो नसणे या भिन्न अवस्था आहेत; दुसरीत मेंदू दुसरी वाट काढत असावा. तथापि एकाच रसायनावर उभी केलेली इमारत त्या दिवशी हलली.

याची झळ केवळ शास्त्रज्ञांना लागत नाही. ऑक्सिटोसिनमुळे जवळीक वाढते, या समजुतीवर नाकात मारायचे फवारे इंटरनेटवर विकले जातात आणि स्वमग्न मुलांच्या पालकांना त्यांचा मोह पडतो. येथील शाळेतून मुलाचे निदान हाती येते, तज्ज्ञाच्या भेटीसाठी महिनोन्महिने थांबावे लागते, त्यात भाषा परकी. अशा वेळी आई-बाप कशावरही विश्वास ठेवतील. त्यांच्यासाठी हे नोंदवणे आवश्यक आहे: ३ ते १७ वर्षे वयाच्या २९० स्वमग्न मुलांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केला. २४ आठवडे रोज ऑक्सिटोसिनचा फवारा दिलेल्या आणि नुसता निष्क्रिय फवारा दिलेल्या मुलांच्या सामाजिक वर्तनात लक्षणीय फरक आढळला नाही. व्होलच्या पेटीपासून मुलाच्या नाकापर्यंतचे अंतर मथळ्यांत दिसते त्याहून बरेच जास्त आहे.

मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. येथे काम झाले ते जोडी न बांधणाऱ्या उंदरांवर. काँकॉर्डिया विद्यापीठात जेम्स फॉस आणि सहकाऱ्यांनी नराला पहिल्या अनुभवांत बदामाचा वास लावलेली मादी दिली. पुढे अनेक माद्यांतून निवड करताना त्याचा कल बदामी गंधाच्या मादीकडे राहिला. विशिष्ट जोडीदाराची आवड ही स्वैर समजल्या जाणाऱ्या प्राण्यातही अनुभवाने घडते, हा त्याचा अर्थ. व्हर्दन भागातल्या डग्लस रुग्णालयात मॅकगिलचे मायकेल मीनी आणि त्यांच्या चमूने उंदरांच्या आयांचे चाटणे मोजले. अधिक चाटलेली पिल्ले मोठेपणी ताणाखाली कमी बिथरतात, हे त्यांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडले. पुढे पिल्लांची अदलाबदल केली तेव्हा फरक बराचसा वाढवणाऱ्या आईमागे गेला, जन्मदात्रीमागे नव्हे. उंदरांत बाप या चित्रात कोठेच नाही. तो असता तर काय झाले असते, याचे एक उत्तर कॅलिफोर्नियाच्या एका एकसहचारी उंदरात मिळते. त्याच्या पिल्लांचे पितृत्व जनुकीय तपासणीतही घरातल्या नराकडेच गेले, आणि बाप काढून घेतला की थंडीवाऱ्यात वाढणारी पिल्ले कमी जगतात.

आपल्याकडचा एकसहचारी कृंतक शोधायला सह्याद्रीच्या बाहेर जावे लागत नाही. कोकणात नारळाची रोपे आणि सुरणाचे कंद उकरणारे साळिंदर, म्हणजेच सायाळ, बिळात जोडीने राहते. निरनिराळ्या विणींची पिल्लेही त्यांच्याजवळ असतात. तेल अवीव विद्यापीठातील सेव्हर आणि मेंडेल्सन यांनी १९८८ मध्ये याच जातीविषयी नोंदवले, की जोडीचा समागम गर्भधारणेच्या दिवसांपुरता मर्यादित नसतो. तो जवळजवळ नित्याचा असतो, आणि जोडी टिकवणे हेच त्याचे कार्य असावे. कॅनडाच्या जंगलातले साळिंदर नावाने तेच, पण कूळ वेगळे: ते झाडावर चढते, एकटे राहते आणि मादी एकुलते पिल्लू स्वतःच वाढवते. आणखी एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. गृह्यसूत्रांतल्या सीमंतोन्नयन संस्कारात पती गर्भवती पत्नीचा भांग ज्या वस्तूंनी काढतो, त्यांत तीन ठिकाणी पांढरा असलेला साळिंदराचा काटा आहे. सूत्रकारांना साळिंदराचे गृहजीवन ठाऊक होते, असा दावा करण्याचे कारण नाही. पण काटा नेमका याच प्राण्याचा निघाला.

सस्तन प्राण्यांत जोडी मुळात दुर्मिळ का? डीटर लुकास आणि टिम क्लटन-ब्रॉक यांनी २०१३ मध्ये अडीच हजारांहून अधिक जातींची तुलना केली. एकसहचारी जाती नऊ टक्क्यांच्या आसपास निघाल्या. पक्ष्यांत हे प्रमाण नव्वदच्या घरात समजले जाते. त्यांच्या मते माद्या एकेकट्या आणि दूरदूर राहू लागल्या, तेव्हा एका नराला एकीहून अधिक माद्या राखणे अशक्य झाले आणि जोडी आली. बापाची वत्सलता त्यानंतरची. हा निष्कर्ष सर्वांना पटलेला नाही. मला स्वतःला बीव्हरच्या बाबतीत तो अपुरा वाटतो. धरण बांधणे, त्याची डागडुजी आणि हिवाळ्याचा साठा ही कामे एकट्याला पेलणारी नाहीत, हेही मोजले पाहिजे.

जोडीने राहण्याची किंमत असते, आणि ती संख्येत मोजावी लागते. एका घरात एकच मादी विते, वर्षातून एकदाच, पिल्ले तीन-चार, तीही दोन वर्षे घरात. दर महिन्याला विणाऱ्या उंदरासारखी तूट भरून काढणे बीव्हरला शक्य नाही, आणि एका घरावर सापळे लावले की सारे कुटुंब एकदम हाती लागते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स उपसागराच्या क्वेबेककडील किनाऱ्यावर बीव्हर जवळपास संपला होता आणि त्यावर जगणाऱ्या क्री लोकांवर उपासमारीची पाळी आली होती. रूपर्ट हाउस, म्हणजे आजचे वास्कागनिश, येथील हडसन्स बे कंपनीचे व्यवस्थापक जेम्स वॉट आणि त्यांच्या पत्नी मॉड यांच्या खटपटीने १९३२ मध्ये तेथे बीव्हरसाठी राखीव क्षेत्र झाले. त्याची पद्धत साधी होती. प्रत्येक शिकारक्षेत्रावर एक जाणता क्री शिकारी 'टॅलीमन', म्हणजे मोजदाद ठेवणारा म्हणून नेमला जाई. तो बीव्हर मोजत नसे, वस्ती असलेली घरे मोजून नकाशावर मांडत असे. एक घर म्हणजे एक कुटुंब, हे क्री लोकांना कोणत्याही निबंधापूर्वी ठाऊक होते; त्या आकड्यावरूनच किती प्राणी घ्यायचे हे ठरे. बीव्हर परतला.

आज बीव्हर पाहण्यासाठी इतके उत्तरेला जायला नको. ऑलिंपिकच्या जुन्या सायकल-शर्यतगृहात १९९२ पासून असलेल्या बायोडोममध्ये, लॉरेन्शियन मेपल वनाच्या दालनात तो भेटतो. मुलांना नेल्यास काचेपुढे थोडे थांबावे लागते, कारण दिवसा तो बहुतेक झोपलेला असतो.

बीव्हरला राष्ट्रीय प्रतीकाचा दर्जा देणारा कायदा मार्च १९७५ मध्ये झाला. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला क्री आणि इनुइट यांच्याशी जेम्स उपसागराचा करार झाला, आणि शिकारक्षेत्रावर देखरेख ठेवणाऱ्या क्री टॅलीमनचे पद त्यात लिहिले गेले.